शाळेच्या क्लबचं पहिलं आरसी विमान: बांधणी, उड्डाण आणि दुरुस्ती

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि शनिवारी दुपारी आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा क्लब घेते. असा क्लब काढायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न पैशांचा विचारतात. पैसे लागतात, त्याचं पुढे सांगते. पण शाळेतले क्लब बंद पडतात ते बहुतेक वेळा पहिलं विमान आपटल्यावर. तीन महिने खपून केलेलं विमान चार सेकंदांत जमिनीत नाक खुपसतं, रिमोट ज्याच्या हातात होता त्याच्याकडे सगळे बघत राहतात, आणि पुढच्या शनिवारी निम्मी मुलं येतच नाहीत. आमचा पहिला क्लब असाच संपला. दुसऱ्यांदा सुरू केला तेव्हा विमान आपटणार हे धरूनच सगळं ठरवलं: आकार, सामान, मुलांचे गट, मैदानावरची पद्धत. खाली लिहिलेलं सगळं त्या दुसऱ्या खेपेचं आहे.

पावसाळ्यापासून सुरुवात

आपल्याकडे जून ते सप्टेंबर विमान उडवता येत नाही, म्हणून क्लब जूनमध्येच सुरू करावा. पाऊस असेपर्यंत शिकणं आणि बांधणं, ऑक्टोबरमध्ये वायरिंग, दिवाळीच्या सुट्टीनंतर उड्डाण, असं वर्ष छान बसतं. संक्रांतीच्या आसपासचे दोन आठवडे मोकळे ठेवा. आकाशात मांजा असतो आणि प्रॉपेलरमध्ये तो अडकला की काही हातात राहत नाही.

बारा मुलं पुरे. चार-चार जणांचे तीन गट करा आणि तिन्ही गटांना एकाच नकाशाचं, एकाच मापाचं विमान करायला लावा. मुलांना वेगवेगळी विमानं हवी असतात, आणि त्यांना नाही म्हणताना मलाही वाईट वाटतं. पण एकाचा पंख तुटला तर दुसऱ्याचा बसला पाहिजे. स्वतःचं डिझाइन दुसऱ्या वर्षी.

पहिले तीन शनिवार फक्त हातानं फेकायची ग्लायडर करा. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधलं थर्माकोल घरोघरी पडलेलं असतं. २०१८पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, म्हणून नवीन विकत आणू नका, पॅकिंगचंच वापरा. नाकावर मातीचा छोटा गोळा लावायचा, शाळेच्या हॉलमध्ये फेकायचं, गोळा कमी-जास्त करून पुन्हा फेकायचं. नाक हलकं असलं की विमान वर उचललं जातं, थबकतं आणि शेपटीवर घसरून पडतं. हे मुलांनी पन्नासदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे समतोलाचा धडा शिकवावा लागत नाही.

सोबत संगणक खोलीत सिम्युलेटर सुरू करा. पिकासिम फुकट मिळतो आणि शाळेतल्या जुन्या संगणकांवरही चालतो. खरा रिमोट केबलनं जोडता आला तर उत्तम. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्यांची बहुतेक विमानं इथंच जातात. माझी शिकवण्याची युक्ती अशी: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला स्टिक ढकला, म्हणजे तो पंख वर येतो. प्रत्येक मुलानं सिम्युलेटरवर सलग दहा वेळा न आपटता उतरवल्याशिवाय मी खरा रिमोट हातात देत नाही.

जागा आधी, विमान नंतर

आम्ही पहिल्या वेळी विमान आधी केलं आणि मग जागा शोधत फिरलो. तसं करू नका.

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. शिक्षण, प्रयोग किंवा छंद म्हणून नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान त्यात 'मॉडेल' म्हणून येतं. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. आपलं विमान मायक्रोत बसतं आणि व्यवसायासाठी नसेल तर उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याचा अर्थ कुठंही उडवा असा मात्र नाही. सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवलेले असतात. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. विमानतळाच्या आणखी जवळ गेलं की पिवळा आणि मग लाल. मैदान ठरवताना एकदा आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी पुन्हा नकाशा बघा, नोंदणी आणि बाकीच्या अटीही तिथंच तपासा, कारण त्यात बदल होत असतात.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली, त्यामुळे उलवे, कामोठे, पनवेल परिसरातली मोकळी मैदानं कितीही मोहात पाडोत, ती विसरा. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, खाडीकडे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. सोसायटीचं मैदान तर नकोच, तिथं लहान मुलं आणि गाड्या असतात. कल्याणजवळच्या नेवाळीची दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी बघून मोह होतो, पण ती संरक्षण खात्याची जागा आहे.

आम्हाला शेवटी जागा मिळाली मुरबाडच्या बाजूला, भाताची कापणी झालेल्या खाचरांत. एका विद्यार्थ्याच्या मामांचं शेत आहे. शेतमालकाची परवानगी तोंडी न घेता चार ओळींच्या पत्रावर घ्या. शिवाय शाळेच्या लेटरहेडवर जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र द्या: तारीख, वेळ, मुलांची संख्या, विमानाचं वजन, जबाबदार शिक्षकाचं नाव. पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या विमानांवर मनाई आदेश काढतात. तसा आदेश चालू असेल तर उड्डाणाचा तो रविवार सोडून द्यायचा, वाद घालायचा नाही. जागा निवडताना चारही बाजूंना दोनशे मीटर मोकळं, विजेच्या तारा नाहीत आणि सूर्य पायलटच्या पाठीशी, एवढं बघा.

सामान आणि खर्च

रिमोट आणि रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा विमानातला भाग) हा सगळ्यात मोठा खर्च. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा सेट शाळेला पुरतो. त्याला ट्रेनर केबलची सोय आहे, म्हणजे दोन रिमोट जोडून मुलाच्या हातून कंट्रोल झटकन शिक्षकाकडे घेता येतो. पहिल्या वर्षी रिमोट एकच घेतलात तरी चालेल, दुसरा जमेल तेव्हा घ्या.

बाकी दर विमानामागे: २२१२ मापाची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेऱ्या) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ९ बाय ४.५ इंचाचे प्रॉपेलर (निदान चार, कारण ते मोडतात), तीन सेलची १३०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. मोटर आणि ईएससीची जोडी साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मुलांना घेऊन जा. दुकानदाराला काय विचारायचं हे आधी वहीत लिहून नेलं तर ती एक चांगली सहल होते. ५ मिमी डेप्रॉनची (हलक्या, ताठ फोमची) शीट, ३ मिमी कार्बन रॉड आणि १ मिमी पियानो वायर (सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारी ताठ तार) हे छंदाच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. बांबूच्या काड्या, रबरबँड, फायबर टेप, रंगीत पॅकिंग टेप ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर एका फेरीत होतं.

गोंदाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथं आमचा एक अख्खा शनिवार गेला. आठवीतल्या एका मुलीनं पंखाची चीर पटकन बुजवायला कंपासमधला झटपट चिकटणारा गोंद ओतला. काही सेकंदांत चिरेच्या कडा आत सरकायला लागल्या, पांढऱ्या फोममध्ये बोटाएवढा खड्डा पडला आणि ती ओरडली, "बाई, पंख वितळतोय!" साधा झटपट गोंद आणि चपलेला लावतात तो पिवळा रबरी गोंद, दोन्ही थर्माकोल आणि डेप्रॉन खातात. फोमला चालणारा गोंद वेगळा मिळतो, तोच घ्या. ग्लू गन वापरायची तर कमी तापमानाची, आणि आधी कागदावर एक थेंब टाकून मग फोमला लावायचा. कुठलाही नवा गोंद आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाच मिनिटं थांबायचं, हा नियम तेव्हापासून फळ्यावर लिहिलेला आहे.

बांधणी

माप असं: पंख १००० मिमी लांब, २०० मिमी रुंद. नाकापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत १८० मिमी, पंखाच्या मागच्या कडेपासून शेपटीपर्यंत ३८० मिमी. आडवी शेपूट ४०० बाय १०० मिमी, म्हणजे पंखाच्या क्षेत्रफळाचा पाचवा भाग. उभी शेपूट १५० मिमी उंच, १२० मिमी रुंद. बॅटरीसकट एकूण वजन ६०० ग्रॅमच्या आत ठेवायचं, ५५० आलं तर फार छान. पंखाचं क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर आहे, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर २७-२८ ग्रॅम भार येतो. असं विमान ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासही हवेत टिकतं, मुलाला विचार करायला वेळ मिळतो, आणि आपटलं तरी मार कमी बसतो. टप्प्याटप्प्यावर काट्यावर वजन करून वहीत लिहायला लावा. जास्त गोंद ओतणाऱ्या गटाला काटा आपोआप शहाणं करतो.

पंखाला दोन थर द्यायचे. खालचा पूर्ण २०० मिमी रुंद, वरचा पुढच्या कडेपासून फक्त १०० मिमीपर्यंत, म्हणजे मधोमध एक पायरी तयार होते. ही क्लाइन-फोगलमन पद्धत. अमेरिकेतल्या रिचर्ड क्लाइन यांनी १९६०च्या दशकात मुलासाठी केलेल्या कागदी विमानातून ती निघाली. मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगा. वक्र पंख कापण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि तुटल्यावर तासाभरात नवा पंख होतो.

पंखाचे दोन अर्धे वेगळे करा. पुढच्या कडेपासून ६० मिमीवर दोन थरांच्या मध्ये प्रत्येक अर्ध्यात एक कार्बन रॉड बसवा. जोडताना पंखाला इंग्रजी 'व्ही'सारखा कोन द्यायचा, कारण या विमानाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत. रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) दिला की विमान नाक वळवतं, बाहेरच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान आपोआप कलून वळतं. हे त्या कोनामुळेच होतं. एक अर्धा टेबलावर सपाट ठेवायचा, दुसऱ्याच्या टोकाखाली ९ सेंमी उंच पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा ठेवायचा आणि मधला सांधा गोंदानं भरायचा. सांध्यात ३ मिमी प्लायची, त्याच कोनात कापलेली १६० मिमीची पट्टी रॉडला लागून बसवा. वर-खाली फायबर टेप. पूर्ण रात्र सुकू द्या.

धड म्हणजे ६० मिमी रुंद, ८० मिमी उंच लांबट खोका, शेपटीकडे निमुळता. नाकावर ३ मिमी प्लायचा तुकडा, त्यावर मोटर. मोटर सरळ बसवायची नाही: विमानाच्या मागून बघता दोन-तीन अंश उजवीकडे आणि तेवढीच खाली. नाहीतर थ्रॉटल (मोटरचा वेग) वाढवला की विमान डावीकडे ओढतं आणि नाक वर करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंख धडाला चिकटवायचा नाही. धडातून पंखाच्या पुढे आणि मागे बांबूची एकेक काडी आरपार घालायची आणि पंख रबरबँडनं बांधायचा, चार सरळ आणि दोन फुलीसारखे. विमान आपटलं की रबरबँड ताणले जातात, पंख उडून बाजूला पडतो, आणि जो धक्का धड मोडणार होता तो निघून जातो. पहिल्या क्लबात आम्ही पंख चिकटवला होता आणि पहिल्याच दिवशी दोन्हींचे तुकडे झाले. रबरबँड उन्हानं लवकर कुजतात, म्हणून दर वेळी नवे लावा.

एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) ३५ मिमी, रडर ५० मिमी रुंद. कडेला पंचेचाळीस अंशांत चीर देऊन टेपचीच बिजागरी करायची. चाकं लावूच नका. खाचरात धसकटं असतात, चाकं त्यांत अडकून विमान उलटतं. पोटावर उतरवायचं, पोटाला पॅकिंग टेपचे दोन थर लावले की झालं.

वायरिंग आणि समतोल

प्रॉपेलर मैदानावर गेल्यावरच लावायचा. वर्गात कधीही नाही. पूर्ण वेगात तो मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो आणि बोट कापतो.

मोटरच्या तीन तारा ईएससीच्या तीन तारांना कशाही जोडा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन बदला. ईएससी रिसीव्हरला ५ व्होल्ट देतो, सर्व्होंना वेगळी बॅटरी लागत नाही. सर्व्हो आधी चालू करून मधोमध आणायचे, मगच हॉर्न (सर्व्होचा छोटा हात) बसवायचा. रडरचा सर्व्हो रिसीव्हरवरच्या एलेरॉनच्या चॅनेलला जोडा, म्हणजे वळवणं आणि वर-खाली करणं दोन्ही उजव्या स्टिकवर येतं, डाव्या हाताला फक्त थ्रॉटल. एलेव्हेटरची हालचाल वर-खाली १०-१२ मिमी, रडरची २०-२५ मिमी. जास्त ठेवाल तर मुलं घाबरून स्टिक पूर्ण ओढतात आणि विमान झटका खातं. फेलसेफमध्ये (रिमोटचा संपर्क तुटला तर काय व्हायचं ती सेटिंग) थ्रॉटल शून्य ठेवा आणि रिमोट बंद करून ते खरंच होतंय का बघा.

मग समतोल. पंखाखाली दोन्ही बाजूंना पुढच्या कडेपासून ५५ मिमीवर पेनानं ठिपके करा, बॅटरी आत ठेवून ठिपक्यांवर दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर त्या दिवशी उडवायचं नाही. आधी बॅटरी पुढे सरकवा, तरीही नाही आलं तरच नाकात वजन टाका. बॅटरीची जागा ठरली की तिथं पेनानं रेघ मारा, कारण घाईत बॅटरी दोन सेंटिमीटर मागे बसवली तरी विमान बिघडतं.

लिपो बॅटरीबाबत मी कडक आहे. चार्जिंग शिक्षकांसमोरच, बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), १३०० एमएएचच्या बॅटरीला १.३ अँपिअरनं. पूर्ण भरली की दर सेलला ४.२ व्होल्ट, ठेवायची तेव्हा ३.८. उड्डाणानंतर ३.५च्या खाली गेलेली चालत नाही. चार्ज करताना मातीच्या कुंडीत ठेवा, शेजारी वाळूची बादली. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. बॅटरी मुलांच्या दप्तरातून घरी जात नाही.

मैदानावर

पहाटे साडेपाचला बस निघते, सातच्या आत आम्ही खाचरात असतो. नऊनंतर वारा वाढतो, दुपारी समुद्राकडचा वारा आत आला की ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वाऱ्यात पंचवीसनं उडणारं विमान जवळजवळ जागच्या जागी लटकतं. सगळ्यांच्या पायांत बूट हवेत, केस बांधलेले, ओढण्या बसमध्ये.

आधी मोटर बंद ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून, विमान सपाट आणि सरळ फेका. वर नको, खाली नको. वीस-पंचवीस मीटर सरळ तरंगत गेलं तर समतोल बरोबर. मग मागे उभं राहून तपासा: स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे; स्टिक आपल्याकडे, एलेव्हेटर वर. हे मोठ्यानं म्हणून तपासायचं. रिमोट हातात घेऊन तीस पावलं लांब जा, कंट्रोल चालतात का बघा.

पहिलं उड्डाण शिक्षकांनी किंवा अनुभवी माणसानं करावं, ट्रिम (स्टिक सोडल्यावरही विमान सरळ उडेल अशी बारीक जुळवणी) बसवावी. कोणी ओळखीचं नसेल तर एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेले माजी कॅडेट शोधा. फेकणारा प्रॉपेलरच्या मागे, पंखाखाली धरून उभा राहतो, थ्रॉटल पाऊण, पायलट "सोड" म्हणतो तेव्हाच सोडतो. वर गेल्यावर थ्रॉटल निम्म्यावर. आम्ही तीस मीटरच्या वर जात नाही, घोडबंदर रोडवरच्या दहा मजली इमारतीएवढं. रिमोटवर सहा मिनिटांचा टायमर लावा, वाजला की उतरवायचं. घारी घिरट्या घालू लागल्या तर लगेच उतरवायचं.

पायलटशेजारी एकच मुलगा किंवा मुलगी बोलेल, बाकीचे वीस पावलं मागे आणि गप्प. आठ जण एकदम "वर घे, डावीकडे, डावीकडे" ओरडले की कुठल्याही मुलाचा हात गोठतो.

आपटल्यावर

सगळ्यात आधी थ्रॉटल शून्य. मग शिक्षक जाऊन बॅटरी काढतात, तोवर विमानाला कोणी हात लावत नाही. सगळे तुकडे गोळा करायचे, धसकटांत अडकलेला फोमचा चुराही. नंतर वहीत लिहायचं: वारा कसा होता, बॅटरी रेघेवर होती का, विमान काय करत होतं, स्टिक कुठं होती. कोणाची चूक झाली हे लिहायचं नाही.

दुरुस्तीच्या डब्यात फायबर टेप, फोमचा गोंद, बांबूच्या काड्या, प्रॉपेलर, रबरबँड, कटर आणि एक तयार पंख असतो. शेतात वीज नसते, म्हणून ग्लू गनवर अवलंबून राहू नका. मोडलेल्या धडात दोन्ही बाजूंनी काडी खुपसायची, गोंद लावायचा, टेप गुंडाळायचा. वीस मिनिटांत विमान उभं राहतं. समतोल मात्र ठिपक्यांवर पुन्हा बघायचा, टेपचंही वजन असतं.

ज्याच्या हातून आपटलं तो किंवा ती दुरुस्तीला बसते, गटातलं आणखी एक मूल मदतीला. दुरुस्त विमानाचं पहिलं उड्डाण त्याच मुलाचं असतं, त्याच सकाळी, बस निघायच्या आधी.